फणसाची परवानगी

"बाग नीट झाली की वहिनींना तिकडे सोडून येऊ," असं माझा नवरा हॉस्पिटलच्या दारात उभा राहून म्हणाला, तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. ऐन पावसात विहिरीच्या काठावर पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला, आणि त्यांना त्या अवस्थेत एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. त्यांना आम्ही घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटवर आणलं.

त्यांचं घर टिटवाळ्याच्या पुढे, स्टेशनपासून रिक्षाने बरंच आत. माझे दीर खोपटच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. तिकडची जमीन कुत्रंही हुंगत नव्हतं तेव्हा त्यांनी एक तुकडा घेतला, दोन खोल्या बांधल्या आणि निवृत्त झाल्यावर दोघं तिथे राहायला गेले. मूलबाळ नव्हतं. बाग होती. दीर गेले आणि ती हळूहळू हाताबाहेर गेली. आंबा, चिकू, केळी, मोगरा, अनंत, हळद, अळू असं सगळं त्या दोघांनी लावलेलं. एकट्या बाईने त्यातलं किती ओढायचं? शेवटची काही वर्षं वहिनी फक्त घरापुढचं अंगण आणि विहिरीची वाट तेवढी साफ ठेवत. बाकीच्या बागेकडे त्या बघायच्या आणि म्हणायच्या, "तिला तिचं कळतं."

आमच्या फ्लॅटमध्ये मी त्यांना कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून दिले. त्यांनी ते वापरले नाहीत. साड्या टिटवाळ्याहून आणलेल्या बॅगेतच राहिल्या. आंघोळ झाली की वॉकर टेकत बॅगेपाशी जायचं, कॉटवर बसायचं, चेन उघडायची, एक साडी काढायची, चेन परत लावायची. वाळलेले कपडेही घडी घालून त्या बॅगेतच ठेवायच्या.

"मी लावते ना कपाटात, वहिनी," मी म्हटलं.

"कशाला गं? परत काढायचेच आहेत."

पाऊस सरल्यावर मी आणि नवरा पहिल्यांदा तिकडे गेलो. फाटकच उघडेना. रानमोडी माझ्या डोक्यापर्यंत वाढलेली, चिकूवर कुठलेतरी वेल चढून त्याचा मांडव झालेला, विहिरीच्या पाण्यावर हिरवा थर. खाजकुइलीला हात लागला आणि नवरा दिवसभर अंग खाजवत होता. घराच्या मागच्या भिंतीला वाळवी. मला वाटलं, आता हा "विकून टाकू" म्हणणार. तसं काही झालं नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो कोयता घेऊन आत शिरला आणि ऊन उतरेपर्यंत बाहेर आलाच नाही.

तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, लिहिताना करायला मन होत नाही. पण त्याचं जे खरं आहे ते सांगायला हवं. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तो सोफ्यावर बसून बातम्या बघायचा आणि बातम्यांवर चिडायचा, दुसरा उद्योग नव्हता. बागेने त्याला उठवलं. मजूर लावले, त्यांच्याबरोबर स्वतः राबला. संध्याकाळी नखांत माती घेऊन घरी यायचा आणि दोन भाकऱ्या जास्त खायचा. मला ते बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

वहिनी त्याची वाट बघत बसलेल्या असायच्या. आल्या आल्या त्यांची चौकशी सुरू. विहिरीतला गाळ आधी काढा भाऊजी, मग बाकीचं. हळदीच्या वाफ्यावर कुणाला चालू देऊ नका, खाली गड्डे आहेत. अबोली मेल्यासारखी दिसते, मरत नाही, उपटू नका. तो सगळं ऐकायचा आणि तसंच करायचा. तेवढे दिवस आमच्या घरात खरंच आनंद होता.

दिवाळीपर्यंत विहीर उपसून झाली, घराला चुना लागला, झाडांभोवती पाण्यासाठी आळी झाली. वहिनी म्हणाल्या, "मग आता?"

"आता कुंपण, वहिनी. गुरं शिरतात आत."

कुंपण झालं. मग पंप. मग वॉकर मातीत रुततो म्हणून फाटकापासून दारापर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट. मग बाथरूमला धरायला कठडे. प्रत्येक कारण खरं होतं, हीच तर पंचाईत. आणि मग एका रविवारी तो आला तो सांगतच आला की मागची पट्टी आपल्याला मिळतेय. बागेच्या पाठीमागे शेजाऱ्याची पडीक जमीन होती, ती आपल्याकडे जोडून घ्यायची, बाग तिकडे वाढवायची. मध्ये हिरवळ, कडेने फुलझाडं, एक बसायची जागा.

वहिनी म्हणाल्या, "माझ्याच्याने आहे तेवढीच होत नव्हती, भाऊजी."

"तुम्ही नुसतं बसायचं. करायला माणसं आहेत ना."

नाकापेक्षा मोती जड, मी मनात म्हटलं. पण पुढच्या वेळी गाडीत मात्र तोंडाने बोलले. "अहो, तुम्हाला त्यांना सोडायचंच नाहीये ना तिकडे?"

कासारवडवलीच्या आधी आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. त्याने पुढच्या टेम्पोला हॉर्न दिला. मग म्हणाला, "तिथे पडल्या परत, तर कोण उचलणार? तू?"

"मग तसं सांगा त्यांना."

"कसं सांगू? तूच सांग."

कुणीच सांगितलं नाही. असं ते भिजत घोंगडं. "नाही" हा शब्द त्याला उच्चारावा लागला नाही. त्याच्या वतीने बाग लांबत गेली. मला त्याचा राग यायचा. आणि खरं सांगायचं तर तो जे म्हणत होता त्यात चूकही काही दिसत नव्हती, म्हणून जास्तच राग यायचा.

आता फणसाबद्दल सांगते. वहिनींच्या बागेच्या मागच्या हद्दीवर एक फणस होता. घर बांधलं त्या वर्षी वहिनींनी कोकणातून आठळी आणून लावलेला. आमचं मूळ कोकणातलं. फणसाशिवाय घर म्हणजे आम्हाला पोरकं वाटतं. झाड वाढलं, डेरेदार झालं, सावली पडली, पण त्याने कधी एक फळ दिलं नाही. आमच्याकडे पद्धत आहे, ग्रहण लागलेलं असताना न धरणाऱ्या झाडाला मुसळाने मारायचं. झाड घाबरतं आणि धरतं म्हणतात. वहिनी प्रत्येक ग्रहणाला मुसळ घेऊन मागे जायच्या, फणसाला चार रट्टे घालायच्या, "लाज नाही वाटत?" म्हणायच्या, आणि येऊन आंघोळ करायच्या. दीर हसायचे.

मला हसू यायचं नाही, कारण मला दुसरं ग्रहण आठवायचं. मी नवी नवरी असताना गावच्या घरी ग्रहण लागलं आणि सासूबाई मुसळ घेऊन परसात फिरल्या. नारळाला मारलं, रामफळाला मारलं, आणि वळताना ते मुसळ वहिनींच्या पाठीला लावलं. जोरात नाही, चेष्टेने. सगळ्या बायका हसल्या. वहिनीही हसल्या. त्यानंतर आम्ही दोघी जावा त्याबद्दल कधीही बोललो नाही, फक्त एकदा, टिटवाळ्याला त्या फणसाला मारून परतताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला नाही लागू पडलं. त्याला पडेल."

तर त्या वर्षी, तुळशीची लग्नं लागत होती त्या दिवसांत, चंद्रग्रहण आलं. चंद्र उगवणारच होता तो ग्रहण लागलेला. वहिनी सकाळपासून मागे लागल्या. "मला न्या. मी उतरणार पण नाही, गाडीतून सांगते, भाऊजी मारतील."

"वहिनी, संध्याकाळी घोडबंदरला काय ट्रॅफिक असतो बघताय ना? आणि तिथे रान तोडायचं आहे अजून. झाडापाशी जाताच येत नाही."

हेही खरं होतं. मागच्या बाजूला हात लागलाच नव्हता, फणसाच्या बुंध्याला गुळवेलीने गुंडाळून टाकलेलं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाल्कनीतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, पडल्या. धावत गेले. वहिनी एका हाताने वॉकर धरून उभ्या होत्या आणि दुसऱ्या हातातल्या माझ्या लाटण्याने कुंडीतल्या कढीपत्त्याला मारत होत्या. समोरच्या टॉवरच्या कडेने तांबूस चंद्र वर आलेला.

"अहो वहिनी, तो बरा आहे, भरपूर पानं येतात त्याला," मी म्हटलं.

"याला नाही मारत. त्याला मारतेय. त्याला लागू दे." आणि अजून दोन हाणले. मग लाटणं माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, "धुऊन घे."

मागची पट्टी माघात ताब्यात आली. ती सपाट करायला जेसीबी आत न्यायचा होता आणि वाटेत बरोबर मधोमध फणस. नवरा दोन दिवस झाडाभोवती फिरून आला. मग म्हणाला, "तोडावाच लागेल. नाहीतरी धरत नाही." लगेच पुढे म्हणाला, "पण सगळं रीतसर करायचं."

आणि त्याने सगळं रीतसर केलं. भटजी आणले. झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू, अक्षता, नारळ. भटजींनी मंत्र म्हटले आणि त्याचा अर्थही समजावून सांगितला: या झाडाच्या आश्रयाला जे कोणी राहत असतील, पक्षी असोत की भूतं, त्यांनी कृपा करून दुसरीकडे जागा शोधावी, आणि वृक्षाने आम्हाला क्षमा करावी. नवऱ्याने हात जोडून, डोळे मिटून झाडाची परवानगी मागितली. कपाळ बुंध्याला टेकवलं. मी शेजारी ताम्हण धरून उभी होते. भूतांना विचारलं, पाखरांना विचारलं, झाडाला विचारलं. जिने लावलं ती चौदाव्या मजल्यावर बसलेली, तिला एक फोन करायचं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं ते अक्षता टाकून मागे सरताना. तोवर करवत चालू झाली होती.

झाड पडलं ते कुंपणाच्या बाजूला. मजूर गुळवेल ओढून काढायला लागले, तर बुंध्याच्या मागच्या अंगाला, जमिनीपासून हातभर वर, वेलीच्या जाळ्याखाली दोन कुयऱ्या. कुयरी म्हणजे कोवळा फणस, भाजीचा. एक चेचलेली. दुसरी अगदी शाबूत, देठाला चीक गळत होता.

मजुरांना त्यात काय विशेष, ते कामाला लागले. नवरा मात्र तिथेच खाली बसला. मला वाटलं, छातीत वगैरे दुखतंय की काय. थोड्या वेळाने उठला, शाबूत कुयरी उचलून माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाला, "त्यांना काही बोलू नकोस. वाया नको जायला."

घरी येऊन हाताला तेल लावून मी ती चिरली. उकडली, ओलं खोबरं, लाल मिरची, वरून फोडणी. कोकणातल्या बाईला कुयरीची भाजी टाकून देता येत नाही, हे एक कारण झालं. दुसरं काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा मला असं वाटलं की ज्या झाडाची वाट बघितली त्याचं एवढं तरी त्यांच्या तोंडी पडावं.

वहिनी सावकाश जेवल्या. "कोवळी आहे गं. कुठली?"

मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "ठाण्याच्या मंडईतली."

"छान आहे." त्यांनी अजून थोडी वाढून घेतली. "आमच्याला कधी धरणार, देव जाणे."

"धरेल की," नवरा म्हणाला आणि मान खाली घालून भात कालवायला लागला. मी पान तसंच ठेवून उठले. त्या रात्री आणि पुढे कितीतरी दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. एका घरात माणसं असं जगू शकतात, याची मला तेव्हा शिसारी आली होती.

शेवटी मीच हट्टाला पेटले. वैशाखात त्याला म्हटलं, "बाग झाली. आता पुढचं काही शोधू नका. रविवारी त्यांना नेतोय आपण. मी महिनाभर राहीन त्यांच्यासोबत, मग एखादी बाई बघू सोबतीला." तो नाही म्हणाला नाही. त्याला बाग दाखवायची घाई झालीच होती.

रविवारी वहिनी उजाडायच्या आधीपासून तयार. नवी साडी, केसांना तेल. बॅग त्यांनी स्वतः बंद केली, तिच्यात होतं तेच होतं, पण वर तिकडे पेरायला तुळशीच्या मंजिऱ्यांची पुडी ठेवली आणि मला विचारलं, "तिकडे मुसळ असेल ना गं जागेवर?" मी म्हटलं, असेल. रस्त्यात त्यांना सांगावं असं कल्याणपर्यंत किमान दहा वेळा मनात आलं. प्रत्येक वेळी मी खिडकीबाहेर बघितलं.

बाग सुंदर झाली होती. ते मान्य करायलाच हवं. मोगरा फुललेला, केळीला घड, विहिरीला जाळी, ठिबकच्या काळ्या नळ्या रांगेत. नवऱ्याने त्यांना व्हीलचेअरवर घेतलं आणि पेव्हर ब्लॉकवरून फिरवत एकेक दाखवत गेला. वहिनी पाहुण्या आल्यासारखं बघत होत्या. "वा." "छान केलंत हो." "हे कुठून आणलंत?" हळदीचा वाफा होता तिथे आता हिरवळ होती. त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

मग आम्ही मागे गेलो. हद्द नव्हतीच आता, पट्टी बागेत मिसळून गेलेली. मधोमध, बरोबर त्या जागी, नवऱ्याने एक बाक करून घेतला होता. रुंद, पाठ टेकायला फळी, हात टेकायला कठडा. पिवळंधमक लाकूड.

"हे खास तुमच्यासाठी, वहिनी," तो म्हणाला. "इथे बसून सगळी बाग दिसते."

वहिनी खुर्चीतून उठल्या, वॉकर घेतला आणि बाकावर जाऊन बसल्या. तळहात लाकडावर ठेवला. असं पिवळं लाकूड कशाचं असतं, हे कोकणातल्या पोरालाही कळतं.

"कधी तोडला?"

नवरा म्हणाला, "शिमग्याच्या आधी. जेसीबी जात नव्हता, वहिनी. आणि आपण रीतसर पूजा केली, भटजी आणले, परवानगी..."

"शिमग्याच्या आधी," त्या म्हणाल्या. तळहात तसाच. मग माझ्याकडे बघितलं. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. "कुयरीची भाजी केलीस ती तेव्हाच ना?"

मी मान हलवली.

"किती होत्या?"

"दोन."

"दोन." त्यांनी ते स्वतःशीच म्हटलं. हसल्याही थोड्या, मला तरी तसं वाटलं. तसंच हसणं मी फार पूर्वी एका परसात बघितलं होतं. "म्हणजे लागलं त्याला."

नवरा रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. मजूर बघत होते. वहिनींनी त्याला रडू दिलं, समजूत काढली नाही. मोगऱ्याचा वास येत होता आणि मला तो नकोसा झाला.

घराचं दार मी पोचल्या पोचल्या उघडून ठेवलं होतं, आत झाडलोट केली होती, कॉटवर चादर घातली होती. मी म्हटलं, "वहिनी, आत चला. पडा जरा. मी राहतेय इथे तुमच्याबरोबर."

त्या उठल्या. वॉकर टेकत निघाल्या, पण घराकडे वळल्या नाहीत. त्या वाटेवरून, त्यांच्याचसाठी केलेल्या त्या सपाट वाटेवरून, कुठेही न अडखळता फाटकापाशी गेल्या आणि गाडीचं दार उघडायची वाट बघत उभ्या राहिल्या.

"चला भाऊजी," त्या म्हणाल्या. "उशीर केलात तर घोडबंदरला ट्रॅफिक लागेल."

आम्ही परत निघालो. नवरा गाडी चालवत होता, अधूनमधून नाक पुसत होता. मंजिऱ्यांची पुडी तशीच राहिली होती की त्यांनी कुठे टाकली, मला कळलं नाही. लिफ्टमधून वर आलो. मी त्यांची बॅग उचलून नेहमीच्या जागी, कॉटच्या पायथ्याशी ठेवली.

वहिनी कॉटवर बसल्या, पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मी दिवा मालवून निघाले तेव्हा म्हणाल्या, "अगं, माझे कपडे कपाटात लावून टाक."